नर्सबाईंचे आठ पाट

खोली द्यायच्या आधी नर्सबाईंनी माझा पाय तुडवला.

मी पिंपळगाव राजाचा, शेतकऱ्याच्या घरचा. चिखलीच्या शाळेवर मास्तर म्हणून नेमणूक झाली तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा असेन. चपला पायरीवर काढून, वळकटी खांद्यावर घेऊन मी त्यांच्या ओट्यावर उभा होतो आणि खोली रिकामी आहे का म्हणून विचारत होतो. त्या बाहेर आल्या. वरपासून खालपर्यंत मला पाहिलं. मग एक पाऊल पुढं टाकून आपली जाड वहाण माझ्या अंगठ्यावर ठेवली आणि अंगाचा सगळा भार त्यावर दिला. नजर मात्र माझ्या तोंडावर.

"ओ बाई, पाय!" मी ओरडलो.

"लागलं काय?"

"मग काय गुदगुल्या झाल्या?"

त्यांनी पाय काढून घेतला. "सौम्य नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण ढोंगीबी नाही. राहाय. उजवीकडची खोली तुही."

अशी माझी आणि त्यांची ओळख झाली. पुढं चार वर्षं मी त्या खोलीत राहिलो. अंगठ्याचं नख मात्र पहिल्याच महिन्यात पडलं.

बाई बुटक्या, रुंद, काळ्यासावळ्या होत्या. पांढरं लुगडं, घट्ट अंबाडा, आणि छातीशी पिनेनं टाचलेलं नर्सचं उलटं घड्याळ. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं करून त्या घरी बसल्या होत्या. घरी बसल्या म्हणायचं, एवढंच. गावातली निम्मी माणसं त्यांच्याच हातावर जन्मली होती आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. बाजारात एखादा दुकानदार चढ्या आवाजात बोलला की त्या म्हणत, "हळू बोल बापा. तुले उलटा धरून पहिली चापट म्या मारली हाय. तवाबी तू असाच बोंबलला होता." पुढं तो दुकानदार काय बोलणार! त्या काळी वऱ्हाड कागदावर निजामाचं होतं, कारभार नागपूरचा होता, आणि आमच्या गल्लीवर अंमल नर्सबाईंचा होता.

नवरा फार पूर्वी वारलेला, मूलबाळ नाही. जवळचं माणूस म्हणजे समोरच्या घरात राहणारी धाकटी बहीण, मार्थाबाई. तीही विधवा, आणि तिचा एकुलता एक मुलगा शिमोन. मी राहायला आलो तेव्हा शिमोन नुकताच लढाईवर गेला होता, फौजेच्या इस्पितळात मलमपट्टी करायला. आणि तो गेला त्या दिवसापासून या दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, ते मला कळायला बरेच दिवस लागले.

पाय तुडवण्याचं कारण मात्र डिसेंबर लागताच कळलं.

येशूनं डोंगरावर बसून लोकांना उपदेश केला आणि त्यात आठ तऱ्हेच्या माणसांना धन्य म्हटलं. मनानं दीन असलेले, शोक करणारे, सौम्य, न्यायासाठी भुकेलेले, दयाळू, शुद्ध मनाचे, शांती करणारे आणि चांगल्या कामासाठी छळ सोसणारे. ही यादी ख्रिस्ती माणसाला पाठ असते. मंडळी ती ऐकते, मान डोलावते आणि घरी जाते. नर्सबाईंचं तसं नव्हतं. त्या नाताळच्या दिवशी दुपारी आपल्या अंगणात आठ पाट मांडत. प्रत्येक पाटामागं भिंतीवर कोळशानं एकेक शब्द लिहिलेला असे. दीन. शोक. सौम्य. न्याय. दया. शुद्ध. शांती. छळ. त्या त्या पाटावर त्या त्या तऱ्हेचं माणूस बसवून त्याला पोटभर जेवू घालायचं, हा त्यांचा नाताळ.

मी पहिल्याच वर्षी विचारलं, "बाई, हे कशासाठी?"

"सोपं हाय," त्या म्हणाल्या. "वाढदिवस कोणाचा? प्रभूचा. मंग त्याले आवडते ते लोक बोलवा लागतीन. मले आवडते ते बोलावले तं तो माहा वाढदिवस होईन."

आता अशी आठ माणसं चिखलीत शोधायची म्हणजे चेष्टा नव्हती. डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला की बाई शिकारीला निघत. सौम्य माणूस शोधायचा तर बाजारात जाऊन पाय तुडवायचे. जो कळवळला तरी शिवी देणार नाही तो सौम्य. दयाळू शोधायला त्या आपली एकशिंगी शेळी मोकळी सोडत. कुणी काठी घेऊन धावे, कुणी दगड मारी. जो तिला टोपलीभर पाला टाकील त्याचं नाव पक्कं. एका वर्षी तिला कुणीच पाला टाकला नाही, पण एका म्हातारीनं नातवासाठी तिचं दूध काढून घेतलं. बाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, शेळीवर नाही तं नातवावर तं दया केली," आणि दयेचा पाट म्हातारीला दिला.

शुद्ध मनाचा माणूस शोधायची त्यांची रीत तर औरच. नाताळच्या गाण्यांचा सराव त्या ओट्यावर बसून करत. आवाज असा, की समोरच्या कडुनिंबावरचे कावळे उठत. गाणं संपलं की गल्लीतून जाणाऱ्याला थांबवून विचारायचं, "काऊन रे, कसं झालं?" सगळे म्हणत, लई गोड. ज्यांना पुढं सुईण म्हणून त्यांची गरज पडणार होती ते तर डोळे मिटून ऐकत. एकट्या गोविंदा न्हाव्यानं सांगितलं, "नर्सबाई, म्हैस अडली म्हून मी धावत आलो."

बाईंनी त्याला तिथल्या तिथं आमंत्रण दिलं. गोविंदा पुढं तीन वर्षं शुद्ध मनाचा म्हणून जेवला.

न्यायाच्या पाटासाठी एकदा एक वजनदार शेतकरी आपण होऊन आला. बारा वर्षं बांधावरून कोर्टात भांडत होता. "बाई, माह्याएवढी न्यायाची भूक तालुक्यात कोणाले नसंन," तो म्हणाला. बाईंनी त्याची सगळी हकिगत ऐकून घेतली, मधे दोनदा चहा दिला, आणि शेवटी सांगितलं, "तुले भावाच्या वावराची भूक हाय बापा. ते माह्या पाटावर नाही भेटत."

या पंगतीत जातधर्म विचारायचा नाही, असा नियम होता. पण गाव तर विचारत होतं. ख्रिस्ती घरचं शिजवलेलं खायचं नाही असे जे असत त्यांच्यासाठी पानात केळी, संत्री, उसाचे करवे आणि हिरवे हरभरे असत. मी पहिल्या वर्षी केळी खाल्ली. तीही अंगणाच्या कडेला उभा राहून, कारण आठांपैकी एकही पाट मला मिळाला नव्हता. दुसऱ्या वर्षी रश्श्याचा वास आवरला नाही. मी भाकर कुस्करून बसलो आणि घरी लिहिलेल्या पत्रात तेवढं लिहायचं विसरलो.

या आठ पाटांची कीर्ती आसपासच्या खेड्यांत गेली ती एका पाटलामुळं.

जवळच्या गावचे हे पाटील कामासाठी नेहमी चिखलीला येत. तोंडात शिवी आणि हातात काठी, दोन्ही सारख्याच लांबीच्या. एक दिवस शाळा सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, एक सांगा. ते किरस्तावाच्या पोथीत असं हाय म्हंतेत, का जो सौम्य असंन त्याले पृथ्वीचं वतन भेटते. खरं हाय काय?"

"आहे खरं तसं," मी म्हणालो.

"पुऱ्या पृथ्वीचं?"

"तसंच म्हटलंय."

"सनद कोणाच्या सहीची?"

मी नर्सबाईंकडं बोट दाखवलं. पाटील विचारात पडून गेले.

पंधरा दिवसांनी त्यांची बायको बैलगाडी जुंपून नर्सबाईंकडं आली. डोळ्यांत पाणी. "बाई, काहीतरी दवा द्या. चार-पाच रोज झाले, त्याइनं कोणालेच शिवी देली नाही. काल भाजी खारट झाली, तं मुकाट्यानं खाल्ली. वरून म्हनले, चांगली झाली. घरातले समदे घाबरून गेले. बैलबी जागचे हालून नाही राह्यले."

बैलांनासुद्धा शिवीशिवाय चालायची सवय नव्हती!

बाईंच्या लगेच सगळं ध्यानात आलं. त्यांनी एक मोठी बाटली एरंडेल तेलाची दिली आणि सांगितलं, रोज सकाळी कपभर. पाटलांनी तेही मुकाट्यानं घेतलं. वतनासाठी माणूस काय करत नाही! नाताळच्या दिवशी ते पांढरंशुभ्र धोतर नेसून, चेहरा उतरलेला, हात जोडून अंगणात हजर झाले आणि थेट सौम्याच्या पाटाकडं निघाले. वाटेत नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी पाटलांच्या पायाकडं पाहिलं, पदर खोचला आणि दोन्ही टाचा एकदम दिल्या.

त्यानंतर पाटील जे बोलले ते अंगणात मंडळीचे पाळकसाहेब बसलेले असल्यामुळं इथं लिहिता येत नाही. पण त्यांच्या बायकोच्या तोंडावर असं हसू फुटलं की काय सांगू. "बरे झाले वो बाई, बरे झाले!" ती म्हणाली.

"वतन गेलं, पाटील," नर्सबाई म्हणाल्या. "पण आले तं जेवून जा."

पाळकसाहेब नगरकडचे. सभ्य, सडपातळ, शुद्ध बोलणारे गृहस्थ. नर्सबाईंच्या या पंगतीविषयी त्यांना मोठी काळजी वाटे. ही माणसं धन्य ठरवणारे आपण कोण, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो बरोबरही होता. एकदा ते मला म्हणाले, "मास्तर, खरं सांगायचं तर छळाचा पाट माझाच आहे. या बाईंनी मला किती छळलंय!"

ते बाईंनी आतून ऐकलं. "पाळकसाहेब," त्या स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "तो पाट धर्मासाठी छळ सोसनाऱ्याचा हाय. तुमाले तं मी मजेसाठी छळून राह्यली."

असं सगळं हसत-खेळत चाललं होतं. मग माझ्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमाराला, समोर मार्थाबाईंच्या घरी सरकारी कागद आला. शिमोन ब्रह्मदेशाच्या बाजूला होता. तिकडच्या धामधुमीत त्याचं इस्पितळ पांगलं होतं आणि तो सापडत नव्हता. जिवंत आहे म्हणून लिहिलं नव्हतं. मेला म्हणूनही लिहिलं नव्हतं.

तो कागद मीच वाचून दाखवला. मार्थाबाईंनी तो घडी करून डब्यात ठेवला आणि तूर पाखडायला बसल्या. समोरच्या ओट्यावर नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण मधली गल्ली चार पावलांची. पण त्या ओलांडून आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. शिमोनला मलमपट्टी त्यांनी शिकवली होती. भरतीचा फॉर्मही त्यांनीच भरला होता. मार्था नको म्हणत होती, तिला न सांगता. "सही त्याची," त्या म्हणाल्या, "अक्षर माह्यं." मग उठून शेळीला पाणी पाजायला गेल्या.

डिसेंबर लागला. बाई नेहमीप्रमाणे निघाल्या, पण यंदा पाय तुडवण्यात जोर नव्हता. सात पाट भराभर ठरले. अडलं ते शोकाच्या पाटावर. त्यांचा नियम असा, की त्या वर्षी गावात ज्याचं दुःख सगळ्यांत मोठं, त्यानं शोकाच्या पाटावर बसायचं. आणि त्या वर्षी ते कुणाचं होतं, हे शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही सांगता आलं असतं.

बाईंनी सुटका करून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. दारोदार जाऊन विचारू लागल्या, "काऊन बापा, तुमच्याकडे कोणी गेलं-बिलं काय?" एका घरी नुकतंच लग्न होतं. तिथल्या आजीनं त्यांना चुलीतलं लाकूड घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं. एका सावकाराची घोडी मेली होती आणि तो खरंच रडत होता. बाईंनी दोन दिवस त्याचा विचार केला. पाळकसाहेबांना विचारलंसुद्धा, घोडीचा शोक चालेल का?

पाळकसाहेब त्यांच्याकडं नुसते पाहत राहिले. पहिल्यांदाच बाई ओशाळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. स्वतः तांदूळ निवडत बसल्या होत्या. समोरच्या ओट्यावर मार्थाबाई सूप घेऊन.

"मास्तर, समोर जा," नर्सबाई मोठ्यानं म्हणाल्या. "तिले म्हन, नाताळले जेवाले येजो. शोकाचा पाट तिचा हाय."

मी चार पावलं चालून गेलो. तोंड उघडायच्या आतच मार्थाबाई म्हणाल्या, "मले ऐकू येते. तिले सांग, मी येनार नाही."

मी वळलो.

"सांगू नको, ऐकलं," नर्सबाई म्हणाल्या. "तिले इचार, काऊन?"

मी पुन्हा वळलो. मार्थाबाईंनी सूप खाली ठेवलं. आता त्या माझ्याकडं पाहत होत्या, पण बोलत होत्या माझ्या खांद्यावरून पलीकडं.

"तिले सांग, शोक मेलेल्याचा करतेत. माहा पोट्टा मेला नाही. कागदात लिहिलं हाय, सापडला नाही म्हून. सापडला नाही, तं सापडन. मी रडून नाही राह्यली. वाट पाहून राह्यली. त्या पाटावर बसली, तं मीच त्याले मारल्यासारखं होईन."

मी गल्लीच्या मधोमध उभा होतो. कुणाकडं तोंड करावं ते कळेना. नर्सबाईंचे हात तांदळात तसेच थांबले होते. "तिले सांग..." त्या म्हणाल्या. आणि ताट उचलून आत गेल्या.



त्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं. "वाट पाहनारं मानूस कोन्त्या पाटावर बसते?"

पाळकसाहेब विचार करून म्हणाले, "दीनांत बसवता येईल. किंवा सौम्यांत."

"मार्था अन् सौम्य!" बाई म्हणाल्या. "तुमी नगरचे, तुमाले काय माहीत!"

नाताळच्या दिवशी सकाळची उपासना आटोपली आणि आम्ही बाईंच्या अंगणात जमलो. लढाईमुळं साखर मिळाली नव्हती, करंज्यांत गूळ होता. जोंधळ्याच्या भाकरी, कोंबडीचा लाल रस्सा, वांग्याचं भरीत असा बेत. गोविंदा न्हावी आपल्या पाटावर. दयेच्या पाटावर एक भिस्ती. शोकाच्या पाटावर शेवटी एक म्हातारा कोष्टी आला होता, ज्याची बायको पावसाळ्यात गेली होती. पाटील या वर्षी पाटासाठी आले नव्हते, नुसतेच आले होते आणि संत्री सोलत बसले होते.

पाळकसाहेबांनी पाट मोजले. पुन्हा मोजले. "बाई, हे नऊ आहेत."

खरंच, भिंतीच्या शेवटी नववा पाट होता. त्याच्यामागं भिंतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हो," बाई म्हणाल्या. "नऊ हायेत."

"पण प्रभूनं तर आठच..."

"डोंगरावर लोक किती असतीन, पाळकसाहेब? हजारानं. मागं बसलेल्याइले बरोबर ऐकू आलं नसंन. एखादं लिहून घ्याचं राहून गेलं असंन. वर गेल्यावर मी इचारीन."

पाळकसाहेब नव्या पाटाकडं पाहत बसले. मला वाटतं, त्यांना ते पटलं होतं. पाळक म्हणून पटवून घेता येत नव्हतं, इतकंच.

पानं वाढली, पण बाई सुरुवात करू देईनात. रस्सा निवायला लागला. गोविंदानं शुद्ध मनानं सांगितलं, की भूक लागली आहे. बाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गप्प झाला. पळी हातात धरून त्या दाराकडं तोंड करून उभ्या होत्या. मला कुणी निरोप घेऊन जायला सांगितलं नव्हतं. पण अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आपण कुणासाठी थांबलोय.

शेवटी मार्थाबाई आल्या. आल्या त्या तणतणतच. कुणाकडं न पाहता भिंतीपाशी गेल्या, नवव्या पाटामागं काही लिहिलंय का ते वाकून नीट पाहिलं, बोटानं भिंत पुसूनसुद्धा पाहिली, आणि बसल्या. नर्सबाईंनी त्यांचं पान वाढलं. मार्थाबाईंनी एक घास घेतला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, तिले सांग, रश्श्यात मीठ नाही."

मी नर्सबाईंकडं वळून तोंड उघडणार, एवढ्यात त्या कडाडल्या, "मास्तरले काऊन सांगतं वं? मी इथीच उभी हाय ना!"

"मंग तुलेच सांगून राह्यली! मीठ नाही!"

"तुह्या जिभेले चव नाही!"

"आईच्या हातचं खाल्लं हाय मी, तुह्या हातचं नाही!"

तीन वर्षांचं साठलेलं ते सगळं मिठावरून बाहेर पडलं. आईचा रस्सा, आईचं लुगडं कुणी नेलं, लहानपणी विहिरीवर कुणी कुणाला ढकललं, आणि मग भरतीचा तो फॉर्म. फॉर्मपाशी आल्यावर मार्थाबाईंचा आवाज चिरला. नर्सबाई एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "हाव. मीच भरला. तुले न सांगता भरला. चुकलं माह्यं."



मार्थाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. तो रश्श्यात बुडवला आणि म्हणाल्या, "आता मीठ आन."

त्यानंतर माझं निरोप्याचं काम गेलं. दोघी सकाळी उठल्यापासून समोरासमोर भांडत आणि गल्लीत कुणाला झोप म्हणून मिळत नसे. रोज टपालाची वेळ झाली की दोघी एकाच ओट्यावर येऊन बसत. पोस्टमन पुढं निघून गेला की पुन्हा भांडण सुरू.

पुढच्या पावसाळ्यात दुसरा कागद आला. या वेळी त्यात सगळं स्पष्ट लिहिलं होतं. शिमोन कुठं गेला, कसा गेला, तेही. आजाऱ्यांना सोडून निघायला तो तयार झाला नव्हता.

नर्सबाई गल्ली ओलांडून गेल्या त्या आठ दिवस परत आल्या नाहीत. शेळीला मीच पाला घातला.

त्या डिसेंबरात त्या बाजारात गेल्या नाहीत, गाणं म्हटलं नाही, कुणाचा पाय तुडवला नाही. आम्हाला वाटलं, यंदा पाट मांडत नाहीत. पण नाताळच्या सकाळी भिंतीवर कोळशाचे शब्द उमटले आणि नवाच्या नऊ पाट मांडले गेले. कुणाला आमंत्रण नव्हतं. जुनी माणसं आपण होऊन आली आणि आपापल्या सवयीच्या जागी बसली. शोकाचा पाट मात्र त्या म्हाताऱ्या कोष्ट्यानं न सांगता सोडला आणि तो माझ्याशेजारी जमिनीवर टेकला.

मार्थाबाई आल्या. नवव्या पाटापाशी थोडं थांबल्या. मग तशाच पुढं गेल्या आणि शोकाच्या पाटावर जाऊन बसल्या.

नर्सबाई रश्श्याचं भगुणं घेऊन वाढायला निघाल्या होत्या. त्यांनी ते मधेच जमिनीवर ठेवलं, पळी त्यात टाकली, आणि मार्थाबाईंच्या शेजारी, पाट नाही, चटई नाही, सारवलेल्या भुईवर बसकण मारली. इतक्या वर्षांत त्या पंगतीला बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. त्या नेहमी वाढायच्या आणि सगळे गेल्यावर उभ्यानं खायच्या.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, मग वाढणार कोण?"

"पाळकसाहेब," नर्सबाई म्हणाल्या, "शोक करनाऱ्याचं सांत्वन होईन, असं हाय ना?"

"आहे."

"कोन करीन, ते सांगितलं हाय काय?"

पाळकसाहेब थोडे गडबडले. "देव..."

"देव करीन म्हून सगळे बसून राह्यतेत," नर्सबाई म्हणाल्या. "मले सवड हाय. मी करीन."

त्यांनी मार्थाबाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला. मार्थाबाई तेव्हा रडल्या. कागद आल्यापासून पहिल्यांदा, भर दुपारी, सगळ्यांदेखत, पदरानं तोंड न झाकता. नर्सबाई नुसत्या बसून होत्या. उठायची त्यांना कसलीही घाई दिसत नव्हती.

बराच वेळ गेल्यावर गोविंदा उठला आणि त्यानं भगुण्यातली पळी उचलली. मग आम्ही एकमेकांना वाढलं, आणि आवाज न करता जेवलो.